रोटी मेकर घेण्यापूर्वी

परवा दवाखान्यात एक बाई आल्या. रात्री बोटांना मुंग्या येतात, पहाटे मनगट ठणकते, अशी तक्रार. घरात खाणारी सात माणसे. तपासणी झाल्यावर त्यांनी हळूच विचारले, "डॉक्टरसाहेब, विजेचा रोटी मेकर घेतला तर हाताला आराम पडेल का?"

हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. वाचकहो, हे यंत्र नेमके काय करते ते आधी पाहू. पिठाचा गोळा दोन तापलेल्या तव्यांमध्ये दाबला जातो आणि भाजला जातो. म्हणजे लाटण्याचे काम वाचते. पीठ मळणे मात्र तसेच राहते, आणि मनगटातील दबलेल्या नसेला खरा त्रास मळण्याचा व कपडे पिळण्याचा होतो. हातासाठीच पैसे घालायचे असतील तर ते पीठ मळण्याच्या यंत्रावर घालावेत.

दुसरी गोष्ट भाकरीची. गव्हात ग्लुटेन नावाचे चिवट प्रथिन असते, म्हणून कणीक ताणली जाते. ज्वारीत ते नाही. आपल्या दादरचे पीठ गरम पाण्यात मळून हातानेच थापावे लागते. यंत्रात दाबले की कडा फाटतात. आमच्या घरीही एका दिवाळीत हे यंत्र आले होते. पंधरा दिवस कौतुक झाले, चार भाकऱ्या चिरफळल्या, आणि आता ते माळ्यावर आहे!

यंत्र आले की घरात हळूहळू गव्हाच्या, पुढे मऊपणासाठी मैदा मिसळलेल्या पोळ्या सुरू होतात आणि कळण्याची भाकरी मागे पडते. मला वाईट वाटते ते याचे. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन कमी असते, उडीद ती उणीव भरून काढतो. खानदेशातल्या आजीबाईंनी हे पुस्तक न वाचता साधले होते. मात्र भाकरी म्हणजे मधुमेहावरचे औषध नव्हे. चार भाकऱ्या खाल्ल्या तर साखर वाढणारच.

ज्यांच्याकडे बारा महिने गव्हाच्याच पोळ्या होतात आणि घरात माणसे दोन-तीन आहेत, त्यांनी यंत्र खुशाल घ्यावे. चुलीच्या धुरापासून सुटका होत असेल तर तोही मोठा लाभ आहे; पण गॅस असेल तर तो लाभ आधीच मिळालेला आहे. साधारण हजार वॅटचे यंत्र तासभर सलग चालले तर एक युनिट वीज लागते. प्लग तीन पिनांचाच असावा, अर्थिंग तपासून घ्यावे आणि ओल्या हाताने बटण दाबू नये. वीज गेली तर तवा लागणारच, तेव्हा तो मोडीत काढू नका.

त्या बाईंना मी रात्री मनगटाला पट्टी बांधायला सांगितले, थायरॉईड व साखर तपासायला पाठवले. बरोबर अकरावीतला मुलगा होता. त्याला म्हटले, "संध्याकाळचे पीठ आजपासून तू मळायचे." तो लाजला. आई मात्र घाईघाईने म्हणाली, "त्याला कुठं जमतंय?"

पुढच्या तपासणीला दोघांनाही बोलावले आहे.