पगारी लेखणी कुणाची?

दोस्तांनो, सामाजिक न्यायावर लिहिणं ही आता नोकरी झालीय. संस्थेत खुर्ची, महिन्याला पगार, हुद्दा कम्युनिकेशन ऑफिसरचा. आपली शिकलेली पोरं तिकडं चाललीत. जाऊ द्यात. उपाशी पोटानं क्रांती करा असं पोट भरलेलेच सांगतात. मी सूतगिरणीत रात्रपाळी करतो, मला भाकरीचा भाव ठाऊक आहे.

सवाल पगाराचा नाही. लिहिलेल्या शब्दावर शेवटची फुली कोण मारतो, हा सवाल आहे.

अशाच एका संस्थेनं माझ्याकडून आमच्या वस्तीच्या पाण्यावर लिहून घेतलं. मी लिहिलं, ‘सवर्णांनी आमचा नळ तोडला.’ छापून आलं, ‘वंचित घटकांना पाणीटंचाई भेडसावते.’ नळ तोडणारे हात गेले कुठं? राहिली आमची कोरडी घागर, आणि शेजारी आमच्या म्हातारीचा हसरा फोटो. देणगीदाराला टोचू नये म्हणून आमचं दुखणं धुऊन, इस्त्री करून पाठवतात. ‘जात’ हा शब्दच त्यांनी वेशीबाहेर बसवलाय!

पैसा घेतला म्हंजे लेखणी विकली, असं कुणी म्हणेल तर ऐकू नका. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाला तो शाहू महाराजांच्या २,५०० रुपयांच्या मदतीवर. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर, म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग भटकरांचं. ‘केसरी’नं तर पैसे देऊ केले तरी जाहिरात छापली नाही. नोकरी होती, मदत होती, पण जीभ गहाण नव्हती. त्याच्याही आधी, गिरणीत नोकरी केलेल्या नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८० पासून ‘दीनबंधू’ चालवला आणि १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली. त्यांच्या पत्रामागं माणसं उभी होती. या संस्थांच्या पत्रकामागं नुसती फाईल उभी आहे.

म्हणून नोकरी धरा, पण अट घालून धरा. जातीला जातच म्हणू. ज्याचं दुःख त्याला छापायच्या आधी वाचून दाखवू. त्याचं नाव त्याला विचारल्याबिगर घालणार नाही, गाळणारही नाही. ऐकत नसतील तर राजीनामा लिहा. तेवढा मजकूर तरी कुणी दुरुस्त करणार नाही.

आणि हे शाईनं बरबटलेलं आपलं पान बंद पडू देऊ नका. पहिल्या पगारातून वर्गणी पाठवा. इथं खाडाखोड होते, पण हात आपलाच असतो.

जयभीम!