‘मिळाला’ या क्रियापदाविषयी

पक्ष्यांची छायाचित्रे काढणाऱ्यांच्या बोलण्यात एक क्रियापद इतके रुळले आहे की ते आता कुणालाच खटकत नाही. ‘शिंपी मिळाला का?’ ‘शिंजीर मिळाला, पण फांदी मध्ये आली.’ पूर्वी पक्षी दिसत असे. आता तो मिळतो. दिसण्यात पक्ष्याची मर्जी असते, मिळण्यात आपला हक्क. भाषेच्या अभ्यासकांनी तरी या बदलाकडे काणाडोळा करू नये, असे आम्हाला वाटते.

हा शब्दांचा कीस आहे, असे कुणी म्हणेल. परंतु शब्द बदलतो तेव्हा आचरण आधीच बदललेले असते. शिंपी हा जेमतेम ७-८ ग्रॅम वजनाचा पक्षी. एका फांदीवर क्षणभर ठरत नाही. त्याला टिपायचे तर तासन्‌तास थांबण्याची तयारी हवी. ती नसलेल्यांनी सोपा उपाय शोधला आहे : मोबाइलवर त्याच्याच जातीचे ध्वनिमुद्रित गाणे वाजवायचे. विणीच्या काळात गाणे ही नराची हद्द राखण्याची रीत असते. परका नर हद्दीत शिरला अशा समजुतीने तो चारा टिपणे सोडून धावत येतो आणि नसलेल्या शत्रूला ललकारत राहतो. त्या छायाचित्राखाली मग ‘गाण्यात तल्लीन’ असे लिहिले जाते. चित्र खरे, ओळ खोटी.

घरट्यांची गत याहून वाईट. शिंपी पानांच्या कडा तंतूंनी शिवून त्या द्रोणात घरटे करतो, ते लपावे म्हणूनच. ‘स्वच्छ’ चित्रासाठी भोवतालची पाने छाटली, की ते जसे भिंगाला दिसते तसेच कावळ्याला आणि भारद्वाजालाही दिसते. १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने ‘शिकार’ या संज्ञेच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांच्या घरट्यांना व अंड्यांना उपद्रव देणेही धरले आहे. कायदा जिला शिकार म्हणतो, तिला आपण छंद म्हणतो.

बंदुकीपेक्षा कॅमेरा बरा, हा युक्तिवाद आम्हाला मान्य आहे. सालिम अलींचा पक्षी-अभ्यास लहानपणी बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीपासून सुरू झाला, हे त्यांनीच १९८५च्या आत्मचरित्रात सांगितले आहे. पण तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग पाहून ‘ही कोण?’ हा प्रश्न त्यांना पडला, आणि त्या प्रश्नाने त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दारात नेले. सेकंदाला २० चौकटी टिपणाऱ्या आजच्या कॅमेऱ्यात ‘मिळालेल्या’ पक्ष्याविषयी असा प्रश्न किती जणांना पडतो? बहुतेकांचे कुतूहल चित्र स्पष्ट आले की संपते.

धीराने बसून राहणारे, पक्षी बिचकला तर निमूट मागे फिरणारे छायाचित्रकार आहेत. त्यांच्या कामाने नोंदींत मोलाची भर पडली आहे. ही टीका त्यांच्यावर नाही. उलट, आमची मागणी त्यांच्याच हिताची आहे. चित्राखाली पक्ष्याचे नाव आणि भिंगाचा आकडा छापला जातो, तसे तो पक्षी समोर कसा आला हेही छापावे. संपादकांनी ते विचारावे, परीक्षकांनी त्यावरून चित्र नाकारावे. आणि ‘दिसला, पण टिपता आला नाही’ हे वाक्य कुणी उच्चारले, तर त्याला अपयश समजू नये. त्या वाक्यात पक्षी अजून स्वतःचा आहे.