बटण अम्मींच्या उंचीला

१२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार मुंबईकरांच्या लक्षात असेल. सकाळी दहाच्या सुमारास ग्रिडमध्ये बिघाड झाला, मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. सांताक्रूझला आमच्या घरी तेव्हा मोबाइलवर सातवीचा वर्ग चालू होता. इन्व्हर्टरमुळे वायफाय टिकलं. तेवढ्यात स्वयंपाकघरात कुणी मिक्सर लावला, भार वाढला आणि इन्व्हर्टरने अंग टाकलं. त्याचं बटण पोटमाळ्यावर. आम्ही वर्गात अडकलेलो, म्हणून अम्मी स्टुलावर चढल्या आणि घसरल्या. अल्लाहचा शुक्र, मनगट मुरगळण्यावर निभावलं.

त्यानंतर आम्ही त्याला रिमोट पॅनेल बसवलं. ते भिंतीवर लावायचं, वायरने जोडलेलं छोटं बटण असतं. सगळ्या इन्व्हर्टरना ते लागत नाही. मागे तशी खाच आहे का आणि कंपनीचं पॅनेल मिळतं का, हे आधी पाहा.

इन्व्हर्टरच खाली का आणला नाही, असं शेजारच्या खालांनी विचारलं. बॅटरी १२ व्होल्टची. ६०० वॅटचा भार घेतला तर तिच्यातून ५० अँपिअरहून जास्त प्रवाह वाहतो. त्यासाठी तार जाड आणि आखूड हवी, लांबवली तर ती तापते, व्होल्ट घटतात. म्हणून इन्व्हर्टर बॅटरीच्या शेजारीच बरा, आणि चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो म्हणून पोटमाळ्याला हवा हवीच. पॅनेलच्या वायरीतून मात्र फक्त बटणाचा इशारा जातो. ती बारीक असली, लांब असली तरी चालते.

इथेच आम्ही चुकलो. सोबतची वायर दाराजवळ पुरेना. पिन टेलिफोनसारखीच दिसते, म्हणून घरातली जुनी टेलिफोनची वायर जोडली. पॅनेल मुकं! टेलिफोनच्या वायरीत बहुधा दोन किंवा चारच तारा असतात, आणि दोन टोकांना त्यांचा क्रम उलटाही असतो. पॅनेलला प्रत्येक तार आपल्या जागी लागते. नशीब, काही जळलं नाही. मग कंपनीचीच लांब वायर मागवली. (स्वस्तातली हौस महागात, हे आम्हीच मुलांना सांगत असतो.)

जोडताना मेन्सचा प्लग काढा, इन्व्हर्टर त्याच्या बटणाने बंद करा, मगच पिन टक्‌ आवाज येईपर्यंत खोचा. नंतर इन्व्हर्टरवरचं बटण कोणत्या स्थितीत ठेवायचं ते पुस्तिकेत पाहा. काही मॉडेलांत ते बंद ठेवावं लागतं, नाहीतर रिमोटने बंद केलं तरी इन्व्हर्टर चालूच राहतो.

आणि रिमोटचा दिवा विझला म्हणजे आत वीज नाही, असं समजू नका. बॅटरी जोडलेलीच असते. झाकण उघडायचं काम इलेक्ट्रिशियनचं, तेही बॅटरीची तार सोडवून.

बटण आम्ही अम्मींच्या हाताच्या उंचीला लावलं. आता आमचा धाकटाही तिथवर पोहोचतो, येता-जाता दाबतो. त्यावर प्लास्टिकचं झाकण बसवायचं चाललंय.