इंजिन चबुतऱ्यावर, कसब अडगळीत

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी गुजरातेत एकतानगर ते अहमदाबाद या मार्गावरील ‘वारसा गाडी’चे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. या गाडीचे इंजिन दिसते वाफेचे, चालते विजेवर. त्याला भट्टी नाही, बॉयलर नाही, कोळसा टाकणारा फायरमन नाही. आहे तो वाफेचा मुखवटा. ज्यांच्या घामावर वाफेचे युग उभे राहिले त्या कामगारांना वजा करून उरते त्याला आपले राज्यकर्ते वारसा म्हणतात. या ढोंगाचा समाचार घेणे आवश्यक आहे.

प्रस्तुत लेखक दोंडाईच्याचा. विद्यार्थिदशेत याच ताप्ती मार्गावरील गाड्यांतून डोळ्यांत कोळशाची कुसळे घेऊन आम्ही प्रवास केला. त्या दिवसांचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. वैशाखात, खानदेशच्या उन्हात, भट्टीच्या तोंडाशी उभे राहून फावड्याने कोळसा टाकणाऱ्या माणसाला त्यात काव्य दिसत नव्हते. वाफेचे इंजिन जळणातील उष्णतेचा दहावा हिस्साही ओढण्याच्या कामी लावू शकत नाही. ते नित्याच्या वाहतुकीतून गेले हे योग्यच झाले. देशातील ब्रॉडगेजवरील वाफेची नियमित वाहतूक १९९५ मध्ये संपली. प्रश्न तेव्हाच्या निर्णयाचा नाही. वारसा म्हणून जे राखायचे, ते कोणी, कसे आणि कोणासाठी राखायचे, हा प्रश्न आहे.

वाफेचे इंजिन कळ दाबताच निघत नाही. थंड बॉयलर घाईने तापवला तर पत्रे व नळ्या असमान प्रसरण पावतात आणि सांधे गळू लागतात; म्हणून गाडी सुटण्याच्या कित्येक तास आधी भट्टी पेटवावी लागते. पाणी जड असेल तर आत क्षारांचे थर साचतात, म्हणून बॉयलर ठराविक काळाने धुवावा लागतो. आपल्या कोळशात राख फार, म्हणून जाळी वारंवार मोकळी करावी लागते. भट्टीच्या माथ्यावरील पाणी उतरले तर स्फोटाचा धोका. पाण्याची पातळी, आगीचा रंग आणि पुढचा चढ यांचा मेळ घालणे पुस्तक वाचून येत नाही. ते जाणत्याच्या हाताखालीच शिकावे लागते. म्हणूनच जाणता कामगार निवृत्त झाला आणि त्याच्या जागी कोणी नेमले नाही, तर इंजिन शाबूत असूनही ते मेलेलेच असते.

अर्थशास्त्राच्या भाषेत, येथे स्थिर खर्च प्रचंड आणि फेऱ्या थोड्या. एका इंजिनासाठी शेड, बॉयलर तपासनीस आणि फिटर ठेवावे लागतात. त्याच व्यवस्थेत आणखी तीन-चार इंजिने सांभाळता येतात. म्हणजे सुट्या सुट्या गाड्या ठेकेदारांच्या हाती देणे सर्वांत महाग. मग तोटा दिसतो, तो भरून काढण्यासाठी तिकीट वाढते आणि जनतेचा वारसा धनिकांची सहल बनतो.

काही मंडळी इंग्लंड-वेल्सचा दाखला देतात. तेथे १९५१ पासून टॅलिलिन रेल्वे स्वयंसेवकांनी चालविली आणि पुढे अनेक मार्ग तसेच जगले. प्रयत्न स्तुत्य आहे. परंतु निवृत्तिवेतन आणि मोकळा शनिवार असलेल्या समाजाचा हा उपाय आहे. जेथे तरुण रोजगारासाठी सुरतेची गाडी पकडतो, तेथे विनावेतन सेवेचा उपदेश म्हणजे वेठबिगारीच. शिवाय तेथील अडचणीही सुटलेल्या नाहीत. २०२३ मध्ये वेल्समधील फॉस-इ-फ्रान खाण बंद झाली आणि कोळसा परदेशातून आणण्यावरच भिस्त आली.

आपल्याकडे काय घडले? १९०७ मध्ये सुरू झालेल्या नेरळ-माथेरान मार्गावर आज डिझेल इंजिने चालतात. विदर्भातील ‘शकुंतला’ गाडी मँचेस्टरमध्ये १९२१ साली घडलेल्या इंजिनाने १९९४ पर्यंत ओढली. आमच्या ताप्ती व्हॅली रेल्वेची व्यवस्था पाहणाऱ्या किलिक निक्सन कंपनीच्याच हाती शकुंतलाही होती, आणि स्वातंत्र्यानंतरही त्या मार्गाची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. भांडवलाचा करार अभंग राहिला, पण इंजिन जिवंत ठेवणाऱ्याचे कसब कोणी जपले नाही! जळगाव जिल्ह्यातील पाचोरा-जामनेर ही नॅरोगेज गाडी २०२० मध्ये थांबली. तेथे ब्रॉडगेज हवीच. शेतकऱ्याचा माल आणि विद्यार्थ्याचा प्रवास हौसेसाठी अडवून धरता येणार नाही. पण ब्रॉडगेज मिळाली म्हणून जुन्याचे ज्ञान भंगारात काढावे, हे कोणते तर्कशास्त्र?

पैसा नाही, ही सबब चालणार नाही. वारसा व डोंगरी मार्गांसाठी ३५ हायड्रोजन गाड्यांची योजना सरकारनेच २०२३ मध्ये मांडली. प्रत्येक गाडीचा अंदाज ८० कोटी रुपये, म्हणजे केवळ गाड्यांचे २,८०० कोटी. शिवाय प्रत्येक मार्गावर ७० कोटींच्या सुविधा. त्या रकमेचा अल्पांश तरी वारसा प्रत्यक्ष हातात बाळगणाऱ्या माणसांवर खर्च व्हावा.

आमची मागणी साधी आहे. भुसावळला रेल्वेची प्रशिक्षण संस्था आहे, कारखाना आहे, वाफेच्या काळाची परंपरा आहे. तेथे राज्यातील जुन्या इंजिनांसाठी एकच सार्वजनिक कार्यशाळा उभारा. हयात असलेल्या फायरमन-फिटरांना सन्मानाने, मानधन देऊन, शिक्षक म्हणून बोलवा. त्यांच्या हाताखाली खानदेशातील मुलांना कायम पगारावर नेमा. माथेरानच्या मार्गावर वाफेच्या निवडक फेऱ्या सामान्य भाड्यात चालवा आणि त्यांचा हिशेब जाहीर करा. व्यवस्थापनात कामगारांचे प्रतिनिधी घ्या.

हे शिकविणारे हात दरवर्षी कमी होत आहेत. चबुतऱ्यावरच्या इंजिनाला दिवाळीत नवा रंग देता येईल. पण ते पेटवायचे कसे, हे सांगणारा शेवटचा माणूस गेल्यावर कोणते मंत्रालय ते ज्ञान विकत आणणार आहे?