वरचाही आकडा लिहा



हल्ली आपल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर स्तवनांपेक्षा आणि पाककृतींपेक्षा श्रीमंत होण्याचे विचारच जास्त येतात. सकाळी उठून आरशासमोर उभे राहून म्हणायची वाक्ये, एकवीस दिवस वहीत लिहायची एकच रक्कम, पुठ्ठ्यावर चिकटवायची गाडीची आणि बंगल्याची चित्रे. मुंबई-पुण्यातल्या शिबिरांचे लोण आता आपल्याकडेही आले आहे. फी भरा, दोन दिवस टाळ्या वाजवा, 'पैसा माझ्याकडे येत आहे' असे शंभर वेळा म्हणा. दोघी-तिघींनी मला विचारले, ताई, हे आपल्या धर्मात बसते का? आणि खरेच पैसा येतो का? दोन्ही प्रश्न चांगले आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. पैसा मिळवू नका असे श्रावकाला कुणीही सांगितलेले नाही. पंडित आशाधरांनी तेराव्या शतकात 'सागारधर्मामृत' लिहिले. त्यात गृहस्थाचे गुण सांगताना न्यायाने धन मिळवणे त्यांनी सुरुवातीलाच ठेवले आहे. आचार्य हेमचंद्रांच्या 'योगशास्त्रा'त जे पस्तीस गुण आहेत, त्यांतही पहिला हाच, न्यायाने आलेले वैभव. दिगंबर असो की श्वेतांबर, दोन्हीकडे पूजा-उपवासाच्या आधी गल्ला तपासला आहे. त्यामुळे 'आपण अपरिग्रही माणसे, आपल्याला पैशाचे काय' असे म्हणणाऱ्या बायकांचे मला फारसे कौतुक नाही. बहुतेक वेळा त्यांचे पैसे दुसरा कोणीतरी कमवत असतो.

मग अडते कुठे? माझ्या मते, चित्र चिकटवण्यात. आपल्या पाठशाळेत आर्तध्यानाचे चार प्रकार शिकवतात. चौथा आठवतो का? निदान. पुढे मला हे मिळावे, ते मिळावे म्हणून मन तिथेच गुंतवून ठेवणे. माया, मिथ्यात्व आणि निदान ही तीन शल्ये, म्हणजे मनात रुतलेले काटे, आणि व्रती माणूस निःशल्य असावा ही अपेक्षा. रोज सकाळी गाडीच्या चित्राकडे बघत पंधरा मिनिटे बसणे म्हणजे हा काटा स्वतःच्या हाताने थोडा थोडा आत सरकवणे. त्यातही सामायिकाची वेळ कापून हे करणाऱ्या बायका मला माहीत आहेत. 'अष्टमीचा उपवास केला, आता तरी दुकान चालू दे' हेही त्याच जातीचे, आणि ते तर आपण पिढ्यान्पिढ्या करत आलो आहोत. तेव्हा सगळा दोष शिबिरवाल्यांवर ढकलू नका.

पण चांगल्या विचाराला आपल्याकडे जागा नाही असे नाही. मैत्री, प्रमोद, कारुण्य, माध्यस्थ्य या चार भावना रोजच्या आहेत. त्यातला प्रमोद तर व्यवसाय करणाऱ्या बाईला फार उपयोगी. दुसऱ्याचा गुण बघून आनंद होणे म्हणजे प्रमोद. समोरच्या गल्लीतली बाई आपल्यापेक्षा चांगली चकली करते, तर जळफळाट न करता ती भाजणी कशी भाजते हे बघायला जाणे. मी तरी याला सकारात्मक विचार म्हणते. आणि माध्यस्थ्य म्हणजे ऑर्डर रद्द झाली तरी दुसऱ्या दिवशी चूल पेटवणे.

आता पैसा खरोखर कुणाकडे आला ते बघू. आपल्याच समाजातले आणि महाराष्ट्रातले उदाहरण म्हणजे जळगावचे भवरलाल जैन. १९३७ साली वाकोदला शेतकरी घरात जन्म, शिक्षण वाणिज्य आणि कायद्याचे. सरकारी अधिकारी होण्याची वाट मोकळी असताना त्यांनी ती सोडली आणि घरातल्या तीन पिढ्यांची सात हजार रुपयांची शिल्लक घेऊन रॉकेल विकायला सुरुवात केली. पुढे बियाणे, खते, पपईच्या चिकापासून पपेन, पाइप, आणि मग ठिबक सिंचन. २००८ साली पद्मश्री. लोक त्यांची स्वप्ने सांगतात, मला त्यातला क्रम दिसतो. रॉकेल घेणारा शेतकरी, खत घेणारा शेतकरी, ठिबकच्या नळ्या घेणाराही शेतकरीच. गिऱ्हाईक तेच राहिले आणि त्याची पुढची गरज काय, हे त्यांनी बघितले.

दुसरे उदाहरण बायकांचे आहे आणि मला ते जास्त जवळचे वाटते. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावच्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल ऐंशी रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पुडे झाले. तोच पुढे लिज्जत पापड. त्या सातजणींतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्या गच्चीवर कुणी कोटींचे चित्र लावले नव्हते. त्यांनी तीन गोष्टी ठरवल्या होत्या असे त्यांचा इतिहास वाचून दिसते. देणगी घ्यायची नाही, हिशेब नीट ठेवायचा आणि एकाच प्रतीचा माल करायचा. सुरुवातीला त्या स्वस्तातला हलका पापडही करत होत्या, पण उसने पैसे देणाऱ्या छगनबापांच्या सल्ल्याने तो बंद केला. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणली, खाली स्टोव्ह ठेवला आणि वर पापड वाळवले. अडचण नेमकी कुठे आहे हे माहीत असले की उपाय खाटेइतका साधा असू शकतो.

ध्येय स्पष्ट हवे, हे शिबिरवाल्यांचे म्हणणे म्हणूनच मला मान्य आहे. फक्त ते अर्ध्यावर थांबतात. 'महिन्याला दहा हजार' एवढे लिहून वही मिटतात. मी बी.कॉम. झाले त्याला चाळीस वर्षे झाली, पण एवढे आठवते की रक्कम लिहिली की तिच्याखाली भागाकार लिहायचा असतो.

समजा तुम्ही मुगाचे पापड करता. डाळ, खार, हिंग, दळण, पिशवी, गॅस, पोहोचवण्याचे पेट्रोल हे सगळे जाऊन एका किलोमागे ऐंशी रुपये उरतात. मग दहा हजारांसाठी महिन्याला १२५ किलो पापड हवेत. पंचवीस दिवस काम केले तर रोज पाच किलो. आता आपल्या हातांना विचारा. घरचा स्वयंपाक, देवदर्शन, सासूबाईंची औषधे सांभाळून एकटीच्या हाताने दोन किलो होतात. म्हणजे महिन्याचे चार हजार. पुन्हा आपल्याकडे पावसाळ्यात पापड दमट होतो, बुरशी धरतो, म्हणून कित्येक घरांत चातुर्मासात तो वर्ज्य. लिज्जतची खाट आपल्या गिऱ्हाइकाच्या नियमापुढे चालणार नाही. मग आठ महिन्यांचे बत्तीस हजार, म्हणजे वर्षभराच्या सरासरीने महिन्याला २,६६६ रुपये. दहा हजार आणि २,६६६ यांतले अंतर आरशासमोर बोलून भरत नाही. त्यासाठी दोन हात वाढवा, किंवा भाव वाढवता येईल असा माल करा, किंवा ते चार महिने दुसरे काही शोधा.

आणि ते चार महिने रिकामे नसतात, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक असणार? चातुर्मासात शोधाचे खाणाऱ्यांची संख्या वाढते. पिठाची मर्यादा हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन. मोठ्या कारखान्याला तीन दिवसांचे पीठ विकणे परवडत नाही. आपल्याला परवडते, कारण आपले गिऱ्हाईक दोन गल्ल्या पलीकडे आहे. मुले पुण्याला, इथे दोघेच म्हातारे, आणि सूर्यास्ताच्या आत जेवण हवे. कांदा, लसूण, बटाटा नसलेला, गाळलेल्या पाण्याचा डबा साडेपाचला दारात आला तर ते आनंदाने पैसे देतील. नियम हे आपल्या धंद्याच्या आड येतात असे मुली म्हणतात. मला वाटते, हे नियम पाळणारी माणसे हाच आपला बाजार आहे. मात्र भाव लावताना स्वतःच्या मजुरीचा आकडा घालायला विसरू नका. 'घरचेच तर आहे' म्हणत फुकट राबणारी बाई नफा मोजते तो खरा नसतो.

आता त्या दुसऱ्या बाजूकडे वळते, जिथे खरे नुकसान होते. विचारांचे शिबिर संपता संपता पुष्कळदा एक फॉर्म पुढे येतो. अमुक इतके भरा, तीन मैत्रिणी आणा, त्यांनी आणखी तीन आणाव्यात. माल नावापुरता. माणसे जोडून पैसे फिरवण्याच्या योजनांना आपल्या देशात १९७८ च्या कायद्याने बंदी आहे, आणि थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांतही असल्या पिरॅमिडला मनाई आहे. शंका विचारली की उत्तर ठरलेले असते, 'ताई, तुमचे विचार नकारात्मक आहेत.' हिशेब विचारणे हा नकारात्मक विचार असेल तर सगळे वाणी समाजच नकारात्मक म्हणायचे!

एक साधे गणित सांगते. ७२ ला व्याजदराने भागले की पैसे दुप्पट व्हायला लागणारा काळ अंदाजे येतो. बँकेत वर्षाला सात टक्के मिळाले तर साधारण दहा वर्षे. कुणी म्हणाले, बारा महिन्यांत दुप्पट, तर तो महिन्याला सहा टक्के कबूल करतो आहे. एवढे देणारा धंदा त्याच्याकडे असता तर तो तुमच्या दारात कशाला आला असता? मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत जास्त व्याजाच्या ओढीने पतसंस्थांत ठेवी ठेवून किती घरे अडकली, हे आपण पाहिले आहे. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसते. चुलीपाशी बसून मिळवलेले पैसे ठेवताना एवढे विचारायलाच हवे.

याच्याही पुढची एक गोष्ट मला बोचते. ज्या बाईकडे पैसा नाही, तिला शिबिरात सांगतात की तुझे विचार अडवत आहेत. घरी सांगतात की तुझा लाभांतराय उदयाला आला आहे. दोन्हीकडून दोष तिचाच. अंतराय कर्म मी मानते, पण दुसऱ्याच्या अंतरायाचे निदान आपण करू नये. लाभांतरायाबरोबर वीर्यांतरायही सांगितला आहे, आणि पुरुषार्थाला जागाही ठेवली आहे. सोयाबीन पाण्यात गेले, नवरा आजारी पडला, दीर वाटणी देईना, यात तिच्या विचाराचा काय संबंध? अशा बाईला मंडळाने वाक्ये पाठवू नयेत, दिवाळीच्या फराळाची ऑर्डर द्यावी. आणि पैसे रोख द्यावेत, उधार नाही.

शेवटी आपल्या श्रावकाचारातली एक गोष्ट, जी कुठल्याही शिबिरात ऐकायला मिळणार नाही. 'उपासकदशा' या आगमात वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाची कथा आहे. आपल्या स्थानकवासी मैत्रिणींना ती पाठ असते. चार कोटी मुद्रा ठेवीत, चार कोटी वाढीला लावलेल्या, चार कोटी घरपसाऱ्यात. दहा-दहा हजार गाईंचे चार कळप. महावीरांपुढे व्रते घेताना त्याने हे टाकून दिले नाही. इतक्या मुद्रा, इतके नांगर, इतक्या गाड्या असे सगळे मोजून सांगितले आणि यापलीकडे नको असा नियम घेतला. अडीच हजार वर्षांपूर्वीचे इतके स्पष्ट ध्येयपत्रक मी दुसरे वाचले नाही. फरक एवढाच की आजच्या वहीत 'किमान इतके' लिहितात आणि त्याने 'कमाल इतके' लिहिले.

परिग्रहपरिमाण व्रताकडे मी आता असे बघते. घर, शेत, सोने, धान्य, भांडी, कपडे या सगळ्याची यादी करून वरची मर्यादा बांधायची. पाच लाख लिहा, पाच कोटी लिहा, आकडा तुमचा. पण लिहा. मग त्यापुढचा पैसा आला तर तो कुठे जाईल, हे आधीच ठरलेले असते. मुलींच्या शिक्षणाला, मंदिराच्या कामाला, कुणाच्या तरी पहिल्या पिठाच्या गिरणीला.

या दशलक्षणात उत्तम आकिंचन्याच्या दिवशी दुपारी जमू या, वही आणि पेन घेऊन. एका पानावर महिन्याच्या कमाईचा आकडा आणि खाली भागाकार, दुसऱ्यावर वरची मर्यादा. आणि हो, जिची कमाई आहे तिने बँकेच्या पासबुकावर नाव कुणाचे आहे ते घरून बघून यावे.