बंदूक नसलेल्यांनीही लिहावं

शस्त्रकायद्यात बदल व्हायचा म्हटलं की परवानाधारक जागे होतात, पोलीसखातं जागं होतं आणि बाकीचे सगळे म्हणतात, ‘आपल्या घरात बंदूक नाही, आपल्याला काय त्याचं?’ हे म्हणणं मला मुळातच मान्य नाही. परवाना एकाच्या नावावर असतो. बंदूक मात्र साऱ्या घरात, वाडीत, वरातीत असते. दारूच्या तारेत नवरा भिंतीवरच्या बंदुकीकडे बघतो तेव्हा परवान्यावर बायकोचं नाव नसतं. म्हणून कायद्याच्या मसुद्यावर तिचं मत परवानाधारकाच्या मताइतकंच आवश्यक आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा : हा तांत्रिक विषय आहे, तो जाणकारांवर सोडावा. न्यूझीलंडने तो जाणकारांवरच सोडला होता. 1990 मध्ये आरामोआना गावात एका माणसाने तेरा जणांना ठार केलं. 1992 मध्ये कायदा थोडा कडक झाला. 1997 मध्ये निवृत्त न्यायाधीश सर थॉमस थॉर्प यांनी सविस्तर अहवाल दिला आणि प्रत्येक बंदुकीची नोंद ठेवा, लष्करी धाटणीच्या अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी घाला, असं सांगितलं. नोंदणीसाठी विधेयकही आलं, पण बंदूकधारकांच्या विरोधापुढे ते बारगळलं. 2017 मध्ये संसदीय समितीने पुन्हा वीस शिफारशी केल्या; सरकारने त्यातल्या सातच स्वीकारल्या. साध्या परवान्यावर अर्धस्वयंचलित बंदूक घ्यायची आणि मोठं मॅगझिन वेगळं विकत घेऊन तिला बसवायचं, ही पळवाट तशीच राहिली. 15 मार्च 2019 रोजी ख्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत एकावन्न माणसं मारली गेली, ती याच पळवाटेतून.

पुढे चौकशी आयोगाने जे शोधलं ते तर जास्तच बोचणारं आहे. त्या मारेकऱ्याला परवाना देताना जवळच्या नातेवाइकाकडे चौकशी व्हायला हवी होती. प्रत्यक्षात ऑनलाइन खेळातून ओळख झालेला एक मित्र आणि त्या मित्राचे एक पालक यांच्या शब्दावर काम भागलं. जाणकार होते, नियम होता, अहवाल कपाटात होता. नव्हता तो बाहेरून विचारणारा आवाज : ‘परवाना देताना नक्की कोणाला विचारता?’ हा प्रश्न विचारायला बंदुकीची नळी किती इंचाची असते हे माहीत असावं लागत नाही.

दुसरा आक्षेप : सूचना-हरकती मागवणं हा देखावा असतो, ठरायचं ते आधीच ठरलेलं असतं. असं म्हणून घरी बसणाऱ्यांनी आपल्याकडचं 2019 चं उदाहरण बघावं. शस्त्रकायदा दुरुस्तीच्या मूळ विधेयकात एका व्यक्तीकडे तीनऐवजी एकच शस्त्र ठेवण्याची मर्यादा होती. नेमबाजांनी, वडिलोपार्जित शस्त्रं बाळगणाऱ्या घराण्यांनी आक्षेप घेतले. पंजाबच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनीही फेरविचाराची मागणी केली. शेवटी कायद्यात मर्यादा आली ती दोनची. म्हणजे बोलणाऱ्यांचं म्हणणं पोचलं. त्यांनी आपला हक्क बजावला, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती दुसऱ्या पारड्यात कोणीच नव्हतं याची. लग्नात आनंदाच्या भरात केलेल्या हर्षफायरिंगमध्ये मूल गमावलेले आईबाप, महिला समुपदेशन केंद्रांत काम करणाऱ्या बाया, सरकारी रुग्णालयातले शल्यविशारद : यांची पत्रं कुठे होती? हर्षफायरिंगला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, अशी तरतूद त्याच कायद्यात झाली. ती पुरेशी आहे का, याची गावोगाव चर्चा व्हायला हवी होती.

तिसरा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण त्यात तथ्य आहे. माणसं मरत असताना मतं मागवत बसायचं का? न्यूझीलंडच्या सरकारने ख्राइस्टचर्चनंतर घाई केली आणि ती समजण्यासारखी होती. पण त्या घाईतही संसदीय समितीने लोकांना विचारलं. मुदत जेमतेम दोन दिवसांची होती, तरी सुमारे तेरा हजार निवेदनं आली. 10 एप्रिलला विधेयक 119 विरुद्ध एक मताने मंजूर झालं. दोन दिवस कमी होते, हा बंदूकधारकांचा राग रास्त होता. मीही तो रास्तच मानतो. पण एवढ्या दुःखात, एवढ्या थोड्या वेळात एवढी माणसं लिहितात, यावरून लोकांना विचारलं की ती बोलतात एवढं सिद्ध होतं. शिवाय निवेदन द्यायला तिथे नागरिकत्व लागत नाही. ऑकलंडमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबालाही ते देता येतं आणि त्यांनी ते दिलं पाहिजे, कारण गोळीबारात मेलेल्यांत भारतातून गेलेली माणसंही होती.

आपल्याकडचं 2019 चं विधेयक मात्र 29 नोव्हेंबरला लोकसभेत मांडलं गेलं आणि 10 डिसेंबरला राज्यसभेत मंजूर झालं. स्थायी समितीकडे ते गेलंच नाही. त्या वेळी देशात कोणतीही आणीबाणी नव्हती. केंद्र सरकारच्याच 2014 च्या धोरणानुसार मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवायचा असतो, आलेल्या मतांचा गोषवाराही प्रसिद्ध करायचा असतो. पण ते धोरण आहे, कायदा नाही; पाळलं नाही तर कोणी जाब विचारत नाही.

बंदूकधारकांना बाहेर ठेवा असं मी म्हणत नाही, हेही स्पष्ट करतो. सिंधुदुर्गातल्या किंवा गोव्यातल्या बागायतदाराकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर सिंगल बार बंदूक असते. लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता मार्चमध्ये लागते. शस्त्रपरवान्यांच्या छाननी समितीने सूट दिली नाही तर ऐन काजूच्या हंगामात ती ठाण्यात जमा करावी लागते. इकडे माकडं आणि रानडुकरं बाग लुटतात. ही अडचण त्याच्या तोंडून आली तरच कायदा शहाणा होईल. त्याच वाडीतल्या, नवऱ्याच्या धाकात राहणाऱ्या बाईचं म्हणणंही त्याच टेबलावर यायला हवं. दोघांपैकी एकच बोलला तर कायदा लंगडा होतो.

तेव्हा पुढच्या वेळी गृहमंत्रालयाचा मसुदा आला किंवा एखाद्या समितीने सूचना मागवल्या तर कायद्याची भाषा येत नाही म्हणून थांबू नका. तुमच्या गावात काय घडलं, परवाना कसा मिळतो, घरातल्या माणसांना विचारतात का, एवढं एका पानावर मराठीत लिहा, खाली नाव-गाव घाला आणि पाठवा; एक प्रत आपल्या खासदाराला द्या. आणि तीस दिवसांची मुदत धोरणातून काढून कायद्यात घाला, ही मागणी त्या पत्राच्या शेवटी न विसरता लिहा.