पाउचमधला दोन मायक्रॉनचा थर: रिसायकलिंगचे नियम ॲडेसिव्हपर्यंत कसे पोचले?

चिप्सचं पाकीट, शाम्पूचं सॅशे, मसाल्याचा पाउच. हातात घेतलं की एकच प्लास्टिक वाटतं. प्रत्यक्षात त्यात दोन किंवा तीन फिल्म एकमेकींना चिकटवलेल्या असतात. चिकटवणारा ॲडेसिव्हचा थर असतो साधारण दीड ते चार मायक्रॉन जाड. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, यावरून अंदाज घ्या.

हा थर आजवर कोणाच्या चर्चेत नव्हता. आता येतोय आणि कारण आहे रिसायकलिंगचे नियम. मी सॉफ्टवेअरवाला आहे, केमिस्ट नाही. पण लॅमिनेशन मशीनचा डेटा वाचायचं काम माझ्याकडे आलं आणि एक गोष्ट लक्षात आली: इथला खरा प्रश्न मोजमापाचा आणि कंट्रोलचा आहे. ‘सरासरी बरोबर आहे’ एवढ्यावर आजवर भागत होतं. पुढे भागेल असं मला वाटत नाही. का, ते बघू.

नियम काय म्हणतात?

भारतात २०२२ मध्ये प्लास्टिक पॅकेजिंगसाठी ‘विस्तारित उत्पादक जबाबदारी’, म्हणजे ईपीआरची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यात पॅकेजिंगचे चार गट आहेत. पाउच-सॅशेसारखं लवचीक प्लास्टिक दुसऱ्या गटात येतं. प्लास्टिकसोबत ॲल्युमिनियम फॉइल किंवा कागदासारखा दुसरा पदार्थ असेल, तर तिसऱ्या गटात. या दोन्ही गटांसाठी किमान रिसायकलिंगचं उद्दिष्ट २०२४-२५ साठी ३० टक्के आणि २०२७-२८ पासून ६० टक्के ठरवलं गेलं.

इथे एक गोम आहे. पॉलिएस्टर आणि पॉलिथिलीन असं मिश्रण असलेला पाउच दुसऱ्या गटात. दोन्ही थर पॉलिथिलीनचे असलेला पाउचही दुसऱ्याच गटात! रिसायकल करणाऱ्यासाठी दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण गट तोच. म्हणजे एकाच जातीच्या प्लास्टिकचा, ज्याला ‘मोनो-मटेरियल’ म्हणतात तो पाउच बनवायला आपल्या गटवारीतून वेगळं बक्षीस मिळत नाही.

तो धक्का युरोपातून येतोय. युरोपीय संघाचा नवा पॅकेजिंग नियम फेब्रुवारी २०२५ मध्ये अंमलात आला आणि तो लागू होण्याची सर्वसाधारण तारीख १२ ऑगस्ट २०२६ आहे. त्यात रिसायकल होण्याच्या क्षमतेनुसार ए, बी, सी अशा श्रेणी आहेत. ७० टक्क्यांच्या खाली असलेलं पॅकेजिंग २०३० पासून ‘रिसायकल होण्याजोगं’ धरलं जाणार नाही, त्यामुळे त्याला तिथली बाजारपेठ बंद होत जाईल. २०३८ पासून सी श्रेणीही बाद. युरोपात मसाले, पापड, फरसाण पाठवणाऱ्या आपल्या उद्योजकाला हे लागू आहे, कारण माल पाकिटासकट जातो.

मग ॲडेसिव्ह मध्ये कुठून आलं?

साधं गणित करू. समजा, २५ मायक्रॉन आणि ४० मायक्रॉनच्या दोन पॉलिथिलीन फिल्म आहेत. दोघींचं मिळून वजन प्रति चौरस मीटर साधारण ६० ग्रॅम. त्यांच्यामध्ये २ ग्रॅम ॲडेसिव्ह असेल, तर ते एकूण वजनाच्या सुमारे ३.२ टक्के होतं. तेच साडेतीन ग्रॅम लावलं, तर साडेपाच टक्के. पाउचमधलं बाकी सगळं एकाच जातीचं केलं की ‘परकं’ काय उरतं? शाई आणि ॲडेसिव्ह.

लॅमिनेशनला बहुतेक ठिकाणी दोन भागांचं पॉलीयुरेथेन ॲडेसिव्ह वापरतात. ते एकदा पक्कं झालं की पुन्हा वितळत नाही. रिसायकलिंगच्या मशीनमध्ये पॉलिथिलीन वितळतं, पण हे तसंच राहतं आणि नव्या फिल्ममध्ये बारीक गाठी दिसतात. म्हणून थर जितका कमी, तितकं बरं. पण फार कमी केला तर थर सुटतात आणि पाउच फुगतो किंवा गळतो. शिवाय पॉलिथिलीन उष्णतेने आणि ताणाने लगेच लांबतं, त्यामुळे ॲडेसिव्ह सुकवायला ओव्हनमध्ये फार तापवता येत नाही. सॉल्व्हंट नसलेलं ॲडेसिव्ह इथे सोयीचं पडतं. ते लावतातच दीड-दोन ग्रॅम. म्हणजे चुकायला जागा कमी.

आणखी एक बदल. फॉइल काढली की ऑक्सिजन अडवायचं काम दुसऱ्या कोणाला तरी करावं लागतं. ऑक्सिजन अडवणारी ॲडेसिव्हही आता मिळतात. तिथे थराची जाडी म्हणजे थेट मालाचं आयुष्य. थर अर्धा झाला, की त्या थरातून ऑक्सिजन ढोबळमानाने दुप्पट जाणार.

दोन मायक्रॉन लावतात कसे?

सॉल्व्हंट नसलेल्या मशीनमध्ये चार-पाच रोलर एकामागे एक असतात. पहिल्या दोन रोलरमध्ये साधारण ०.१ मिलिमीटर, म्हणजे १०० मायक्रॉनची फट. त्यातून निघालेला थर पुढच्या रोलरवर जाताना विभागला जातो. पुढचा रोलर मागच्यापेक्षा जास्त वेगाने फिरतो, त्यामुळे थर ताणला जाऊन पातळ होतो. शेवटी फिल्मवर पोचेपर्यंत दोन मायक्रॉन उरतात. ऑपरेटर फटीला सहसा हात लावत नाही, तो रोलरच्या वेगांचं गुणोत्तर बदलतो.

हे सगळं बिघडवणाऱ्या गोष्टी अनेक. ॲडेसिव्हचं तापमान बदललं की घट्टपणा बदलतो. मिसळल्यापासून वेळ जाईल तसं ते आपोआप घट्ट होत जातं. रबराचा रोलर तापून फुगतो. पावसाळ्यात हवेतला ओलावा ॲडेसिव्हमधल्या आयसोसायनेटशी रिॲक्ट होतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि थरात बुडबुडे येतात. आपल्या कोकणपट्ट्यात जुलैमध्ये मशीन चालवणाऱ्याला हे नव्याने सांगायला नको.

वजन करून कळत नाही का?

कळतं, पण नीट केलं तर. पद्धत अशी: १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा कापायचा, वजन करायचं, सॉल्व्हंटने ॲडेसिव्ह पुसायचं, पुन्हा वजन करायचं. थर २ ग्रॅमचा असेल तर फरक येतो ०.०२ ग्रॅम. चांगला काटा हवाच.

काही ठिकाणी शॉर्टकट मारतात. कोऱ्या फिल्मचा एक तुकडा, ॲडेसिव्ह लागलेला दुसरा तुकडा, आणि दोघांची वजाबाकी. इथे गडबड होते. फिल्म स्वतः १८ ग्रॅमची असेल आणि तिच्या जाडीत तीन टक्के फरक असेल, तर तो फरक झाला अर्ध्या ग्रॅमहून जास्त. म्हणजे मोजायचे आहेत दोन ग्रॅम आणि पाव हिस्सा चूक आधीच आत शिरली.

त्याहून मोठा प्रश्न: तुकडा कुठून कापला? समजा रोलच्या डाव्या कडेला १.४ ग्रॅम, मध्ये १.८ आणि उजवीकडे २.२. सरासरी १.८. रिपोर्ट झकास! पण हा रुंद रोल पुढे स्लिटिंगला जातो आणि त्याचे अरुंद रोल होतात. डाव्या कडेचा अख्खा रोल १.४ चा निघतो. तो ज्या ग्राहकाकडे जातो, त्याच्यासाठी १.८ हा आकडा अस्तित्वातच नाही.

सेन्सर लावला की सुटलं?

पूर्ण नाही. इन्फ्रारेड सेन्सर ॲडेसिव्हने शोषलेला प्रकाश मोजतो, म्हणून फिल्मच्या जाडीतल्या फरकाचा त्रास कमी होतो. हा सेन्सर रुळावरून डावी-उजवीकडे फिरतो. मशीनचा वेग मिनिटाला ३०० मीटर आणि सेन्सरला एका कडेपासून दुसऱ्या कडेला जायला २० सेकंद लागत असतील, तर तेवढ्यात १०० मीटर फिल्म निघून जाते. सेन्सरने बघितलेली असते फक्त एक तिरपी रेघ.

दुसरी अडचण आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या ओळखीची आहे: उशीर. ॲडेसिव्ह लागण्याची जागा आणि सेन्सर यांच्यात १० मीटर अंतर धरा. ३०० च्या वेगाला बदल २ सेकंदांनी दिसतो. रोल बदलताना वेग ६० वर आला, की १० सेकंदांनी. साधा पीआयडी कंट्रोलर २ सेकंदांसाठी ट्यून केलेला असेल, तर तो या १० सेकंदांत ‘अजून फरक पडला नाही’ म्हणून दुरुस्ती वाढवत राहतो. मग थर जाड-पातळ असा झोके खातो. यावर उपाय जुना आहे. ऑटो स्मिथ यांनी १९५७ मध्येच अशा उशिराचा अंदाज आधी धरून चालणारी पद्धत मांडली. तो उशीर मशीनच्या वेगानुसार बदलत ठेवणं, हे कोडमध्ये काही ओळींचं काम आहे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जाडी बरोबर आणि मिश्रण चूक असं होऊ शकतं. दोन भाग १०० ला ७० असे मिसळायचे आहेत आणि एक पंप हळूहळू ६३ वर घसरला. रोलरची फट तीच, वेग तेच, त्यामुळे वजन जवळपास तेवढंच भरतं. पण थर चिकट राहतो, पक्का होत नाही. उलट दिशेने आयसोसायनेट जास्त झालं, तर पक्कं व्हायला वेळ लागतो आणि तोवर ओलाव्याशी संयोग होऊन ॲरोमॅटिक अमाइन अन्नात उतरण्याचा धोका असतो. युरोपच्या नियमात त्यांची मर्यादा एक किलो अन्नात ०.०१ मिलिग्रॅम इतकी कडक आहे. म्हणून पंपांचं गुणोत्तर आणि कोट वेट हे दोन्ही आकडे एकत्रच बघावे लागतात.

मग छोट्या युनिटने काय करावं?

महागडा सेन्सर ही पहिली पायरी नाही, असं माझं मत आहे. पहिली पायरी शिस्तीची: प्रत्येक रोलवर डावीकडे, मध्ये, उजवीकडे असे तीन तुकडे, तोच तुकडा पुसून वजन, आणि तीनही आकडे वेगवेगळे नोंदवायचे. सोबत पंपांचं गुणोत्तर, ॲडेसिव्हचं तापमान, हवेतला ओलावा आणि मशीनचा वेग वेळेसकट साठवायचा. याला एक साधा कंट्रोलर आणि छोटा डेटाबेस पुरतो.

खर्चही निघतो. एक मीटर रुंद फिल्म ३०० च्या वेगाने चालली तर तासाला १८,००० चौरस मीटर होतात. ‘सुटायला नको’ या भीतीने ०.२ ग्रॅम जास्त लावलं, तर तासाला ३.६ किलो ॲडेसिव्ह जास्त. २० तासांत ७२ किलो. ते ना मालाच्या कामाचं, ना रिसायकल करणाऱ्याच्या.

पुढच्या दोन-चार वर्षांत ब्रँडवाले पाउचच्या रचनेचे पुरावे मागतील, तेव्हा रोलनुसार आकडे दाखवता येणाऱ्या युनिटची बाजू भक्कम असेल. ज्याच्याकडे फक्त एक सरासरी आहे, त्याला आपला माल चांगला आहे हे सिद्ध करता येणार नाही, मग तो खरोखर चांगला असला तरी.